खुलासा : ब्रायटनचा ‘राजवाडा’ आणि छत्री

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराच्या रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यातले जखमी भारतीय सैनिकांचे फोटो सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. सोबत मजकूर असा, की पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा राजा पंचम जॉर्जने आपला राजवाडा रिकामा करून दिला आणि तिथे मरण पावलेल्या सर्व भारतीयांचं दहन आज ‘छत्री’ हे स्मारक आहे त्या जागी झालं.

फोटो खरे आहेत, मजकूर नाही. पॅव्हेलियन तेव्हा राजाचं नव्हतंच. १८५० मध्येच ब्रायटन शहराने ते राजघराण्याकडून विकत घेतलं होतं. १९१४ च्या अखेरीस तिथे भारतीय सैनिकांचं इस्पितळ सुरू झालं ते शहराच्या वास्तूत. ‘राजाने महाल दिला’ हा समज युद्धकाळातल्या सरकारी प्रचाराने पसरू दिला आणि तो अजून टिकून आहे. माझ्या मते यात ब्रायटनकरांवर अन्याय होतो.

छत्री शहराबाहेर, पॅचमजवळच्या टेकडीवर आहे. तिथे दहन झालं ते ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं. छत्रीशेजारच्या दुसऱ्या स्मारकावर, २०१० पासून, त्यांची नावं कोरलेली आहेत, कुणीही वाचू शकतं. मुस्लिम सैनिकांचं दफन इंग्लंडमधल्याच वोकिंग गावी, शाहजहान मशिदीजवळच्या दफनभूमीत झालं. ‘सर्व’ म्हटलं की हे सैनिक गोष्टीतून पुसलेच जातात.

शहराचा कृष्णवर्णीय आणि बहुसांस्कृतिक इतिहास तिथले स्वयंसेवक कित्येक वर्षं कष्टाने गोळा करत आहेत. छत्रीपाशी दर जूनमध्ये होणारी मानवंदनाही स्वयंसेवकच सांभाळतात. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.