प्रॉडिजी म्हणजे ९५ टक्के नव्हे

दहावीचा निकाल लागला की कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फ्लेक्स चढतात. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो: 'प्रॉडिजी म्हणजे देवाची देणगी. ९० टक्क्यांवरचं प्रत्येक मूल प्रॉडिजी. अशा मुलाला शिकवावं लागत नाही, ते आपोआप पुढे जातं.' मी २६ वर्षं इंग्रजी शिकवतोय. यातलं एकही वाक्य खरं नाही.

देणगीशी नातं आहे ते 'गिफ्टेड' या शब्दाचं. 'प्रॉडिजी' आला लॅटिन 'प्रोडिजियम'वरून, आणि त्याचा अर्थ दैवी इशारा, बहुतेक वेळा अशुभच. दोन डोक्यांचं वासरू जन्मलं, आभाळातून दगड पडले, की रोमन लोक त्याला प्रोडिजियम म्हणत आणि शांती करत. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: उत्पात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पातांवर अख्खा अध्याय आहे. इंग्रजीतही हा शब्द आधी अपशकुन होता, मग अचंबा झाला, आणि अचंबित करणाऱ्या मुलासाठी तो १७व्या शतकात वापरात आला.

म्हणून टक्क्यांचा इथे संबंध नाही. मोठ्यांच्या क्षेत्रात मोठ्यांच्या तोडीचं काम करणारं लहान मूल, हा त्याचा आजचा अर्थ. २०१६ मध्ये प्रज्ञानंद दहा वर्षांचा असताना बुद्धिबळाचा इंटरनॅशनल मास्टर झाला. पटापलीकडच्या मोठ्या माणसांनी त्याला वयाची सूट दिली नव्हती. दहावीची परीक्षा बरोबरीच्या मुलांसाठीच असते. आपला कोकण विभाग त्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, याचा मला अभिमान आहे. पण माझी ९६ टक्क्यांची एक विद्यार्थिनी अकरावीत मागे पडली तेव्हा घरचे म्हणाले, "प्रॉडिजी मां तां, मगे मार्क कमी कशे इले?" त्या पोरीने पुढे शंका विचारणंच सोडलं. हा शब्द असा लागतो.

राहिलं 'आपोआप'. शिवपुत्र कोमकळी लहानपणीच मैफली गाजवून 'कुमार गंधर्व' झाले, तरी मुंबईत बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षं शिकले.

आमच्या शाळेत सहावीतला एक मुलगा नववीचं बीजगणित सोडवतो. दर शनिवारी तो कुडाळला एका निवृत्त सरांकडे जातो. एसटीचं भाडं आम्ही शिक्षक वर्गणी काढून देतो.