कॅनेडियन गाडी म्हणजे बिल्ला बदललेली अमेरिकन गाडी? अजिबात नाही!

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक समज इतका घट्ट बसलाय की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. मागच्या मडगार्डवर पंख मिरवणाऱ्या गाड्यांच्या जमान्यात, म्हणजे १९५०च्या दशकात आणि त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत, कॅनडात विकल्या गेलेल्या पॉन्टियाक, डॉज, मीटिअर, मोनार्क या गाड्या अमेरिकनच होत्या, फक्त बिल्ला वेगळा, असं सांगितलं जातं. पॉन्टियाकमध्ये शेवरलेचं इंजिन दिसलं तर ते मागाहून कुणीतरी बसवलेलं. दुर्मिळ वगैरे म्हणणं ही विकणाऱ्यांची चलाखी. आणि अमेरिका-कॅनडा यांच्यातल्या १९६५च्या मोटार करारानंतर हा सगळा प्रकार एका झटक्यात बंद पडला.

यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्याचा फटका प्रत्यक्ष गाड्यांना बसतो.

आधी बिल्ल्याचं बघू. १९५९ची पॉन्टियाक घ्या. त्या वर्षी अमेरिकेत पॉन्टियाकने सगळा डंका ‘वाइड-ट्रॅक’चा पिटला होता. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवून चाकं पार पत्र्याच्या कडेपर्यंत आणलेली. ओंटारिओतल्या ओशावाच्या कारखान्यातून निघालेल्या पॉन्टियाकचा चेहरा तोच, मागे तेच जुळे पंख, पण खाली चासी शेवरलेची (दोन्ही ब्रँड जनरल मोटर्सचेच). अमेरिकन कॅटलिनाचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १२२ इंच, बोनव्हिलचा १२४. कॅनडातल्या स्ट्रॅटो-चीफ, लॉरेन्शियन आणि पॅरिसिएन या तिघींचा ११९. यातली एखादी गाडी मागून नीट पाहा. अंग ऐसपैस आणि चाकं मात्र मडगार्डच्या खूप आत दडलेली. एकदा ते लक्षात आलं की लांबूनही ओळखता येतं. नुसता बिल्ला बदलून व्हीलबेस तीन इंचांनी कमी होत नाही.

आता इंजिनाचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. अमेरिकेतल्या १९५९च्या पॉन्टियाकमध्ये पॉन्टियाकचं स्वतःचं ३८९ क्युबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असे. सहा सिलिंडरचा पर्याय तिथे १९५५ सालीच बंद झाला होता. कॅनडात मात्र सहा सिलिंडर हाच नेहमीचा, परवडणारा पर्याय होता. ते २६१ क्युबिक इंचांचं इंजिन मुळात शेवरलेच्या ट्रकमधलं. व्ही-८ हवं असेल तर शेवरलेचं २८३ किंवा ३४८. म्हणजे पॅरिसिएनचं बॉनेट उघडल्यावर आत शेवरलेचं इंजिन दिसलं, तर ती गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे. पॉन्टियाकचं ३८९ दिसलं तर उलट संशय घ्यायला हवा. या अज्ञानापोटी एखादा मालक हौसेने पदरचे पैसे घालून चांगली, अस्सल गाडी ‘ओरिजिनल’ करायला निघतो आणि तिचं खरं इंजिन भंगारात काढतो. हे वाचून एकाने जरी हात आखडता घेतला तरी मला पुरे आहे.

असं का केलं, तर उत्तर जकातीत आहे. १९३६पासून अमेरिकेतून आलेल्या तयार गाडीवर कॅनडात साडेसतरा टक्के जकात होती. कॅनडात गाडी बनवणाऱ्याला बाहेरून आणलेल्या सुट्या भागांवर सवलत मिळायची, पण मोठ्या कारखान्याने साठ टक्के माल कॅनडातला किंवा ब्रिटिश साम्राज्यातला वापरला तरच. १९५६ साली कॅनडाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात, म्हणजे अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाइतकी. एवढ्याशा बाजारासाठी शेवरलेची एक आणि पॉन्टियाकची एक अशा दोन वेगळ्या चासी, दोन वेगळी इंजिनं बनवणं कुणालाच परवडलं नसतं. शिवाय लहान गावात डीलर एखाददुसराच. त्याच्याकडे स्वस्तातली आणि मधल्या किमतीची अशा दोन्ही गाड्या हव्यात. म्हणून फोर्डच्या डीलरला त्याच कंपनीच्या मर्क्युरीवर बेतलेली मोनार्क मिळाली आणि मर्क्युरीच्या डीलरला फोर्डवर बेतलेली मीटिअर.

मोनार्कच्या बाबतीत ‘फक्त बिल्ला वेगळा’ हे म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. ती मर्क्युरीच्या फार जवळची गाडी होती. ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या आणि आतली सजावट वेगळी, एवढंच. तरी तिला स्वतःचं गिऱ्हाईक होतं. १९५८ला फोर्डच्याच एडसेल या नव्या ब्रँडसाठी जागा करायची म्हणून मोनार्क बंद केली, एडसेल सपशेल आपटली आणि १९५९ला मोनार्क परत आणावी लागली. पुढच्याच वर्षी मर्क्युरी-मीटिअरच्या डीलरांसाठी फोर्ड फाल्कनवर बेतलेली फ्राँटेनॅक आली. ग्रिलच्या मधोमध मेपलचं लाल पान. साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि एका वर्षातच मॉडेल बंद झालं.

डॉजची गोष्ट आपल्याला जवळची आहे. ओंटारिओतल्या विंडसरला बनलेल्या १९५७-५८च्या डॉज क्रुसेडर, रीजेंट आणि मेफेअर पाहा. तोंड डॉजचं, आणि त्यामागे पंखांसकट सगळी बॉडी प्लिमथची, म्हणजे क्रायस्लरच्याच दुसऱ्या ब्रँडची. शौकीन त्यांना ‘प्लॉज’ म्हणतात. प्लिमथला डॉजचं रूप देण्याची हीच युक्ती निर्यातीतही चाले. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने जोडलेली डॉज किंग्सवे ही त्याच घराण्यातली. मुंबईच्या विंटेज रॅलीत ती दिसली की लोक तिला बेधडक अमेरिकन डॉज म्हणतात. तशीच गोष्ट फोर्डची. फोर्ड कॅनडा १९०४मध्ये स्थापन झाली आणि ब्रिटन-आयर्लंड सोडून साम्राज्यातल्या बहुतेक देशांत विक्रीचे हक्क तिच्याकडे होते. १९२६ साली सुरू झालेली आणि मुंबईत गाड्या जोडणारी फोर्ड इंडिया ही डेट्रॉइटची नव्हे, कॅनडाची उपकंपनी होती. नुसत्या नकला काढणाऱ्या दुय्यम शाखेकडे इतका पसारा कोण सोपवेल?

‘दुर्मिळ’ या शब्दाचा विकताना गैरवापर होतो, हे खरं. चार दारांची साधी लॉरेन्शियन हजारोंनी विकली गेली. पण विकल्या किती याच्याइतकंच उरल्या किती हेही बघायला हवं. ओंटारिओ-क्वेबेकमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते त्या काळचा पत्रा खालून खाऊन टाकायचं. त्यात सुट्या भागांचा त्रास उलटाच. इंजिनाचं गॅस्केट, पिस्टन, वॉटर पंप शेवरलेचे किंवा फोर्डचेच असल्यामुळे सहज मिळतात. अडतं ते मीटिअरच्या कडेच्या पट्टीवर, नाहीतर फ्राँटेनॅकच्या ग्रिलवर. अमेरिकन कॅटलॉगमध्ये ते भाग नसतात, कारण तिथे ते कधी बसवलेच नव्हते. मग दुसरी मोडकी गाडी विकत घेऊन तिचे भाग काढायचे, हाच मार्ग उरतो. पंखवाल्या मीटिअरची सगळी क्रोम जागेवर असेल तर मालकाने जास्त पैसे मागण्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

राहिला १९६५चा करार. त्या वर्षी १६ जानेवारीला कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये या करारावर, म्हणजे ऑटो पॅक्टवर सह्या केल्या. कारखान्यांच्या पातळीवर जकातीची भिंत पडली आणि वेगळ्या गाड्यांचं मुख्य कारणच संपलं. पण गाड्या हळूहळू गेल्या. मोनार्क १९६१लाच, म्हणजे कराराच्या आधीच बंद झाली होती. जनरल मोटर्सच्या खास कॅनडासाठीच्या गाड्यांपैकी ब्यूमाँट १९६९पर्यंत, अकेडियन १९७१पर्यंत आणि मीटिअर १९७६पर्यंत चालली. पॅरिसिएन तर उलट दिशेने गेली. अमेरिकेत पॉन्टियाकने बोनव्हिल लहान केली, मोठी गाडीच उरली नाही म्हणून ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा जनरल मोटर्सने १९८३मध्ये कॅनडाची पॅरिसिएन अमेरिकेच्या शोरूममध्ये उभी केली, त्याच नावाने.