समोर उमेदवार जास्त म्हणजे महापौर सेफ? असं काही नसतं

एक मेसेज सारखा फिरतोय, मलाच तीन ग्रुपवर आला. म्हणे वीस-वीस वर्षं निवडून येणारा महापौर लोकांना हवाच असतो, समोर पाच-सहा जण उभे राहिले की मतं फुटून फायदा त्यालाच होतो, आणि तसंही नवख्यांना शहर चालवता येत नाही. पुरावा काय तर अमेरिकेतल्या शिकागोचे महापौर डेली बापलेक.

डेलींचं खरंय. बाप १९५५ पासून १९७६ मध्ये वारेपर्यंत महापौर, मुलगा १९८९ ते २०११, दोघंही खुर्चीवर असताना हरले नाहीत. पण त्याच शिकागोतलं बाकीचं सोयीस्करपणे गाळलंय ना!

मतफुटीचंच घ्या. १९८३ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) महापौर जेन बर्न, हाच धाकटा डेली आणि हॅरॉल्ड वॉशिंग्टन अशी तिरंगी झाली, बर्न आणि डेलींनी एकमेकांची मतं खाल्ली आणि वॉशिंग्टन साधारण ३६ टक्क्यांवर निघून गेले, म्हणजे मतं फुटली आणि घरी गेली ती महापौरच. पुढे तिथे रनऑफ आला, पन्नास टक्क्यांच्या वर कुणीच नसेल तर पहिल्या दोघांत परत मतदान. २०२३ मध्ये नऊ जण उभे होते, महापौर लोरी लाइटफूट तिसऱ्या, दुसऱ्या फेरीतसुद्धा नाहीत. तेव्हा डोकी मोजण्याआधी नियम काय आहे ते बघा.

"लोकांना हवाच असतो" हे तर अर्धवटच. बॉस्टनचे मेनिनो वीस वर्षं महापौर होते, पण १९९७ ला त्यांच्यासमोर कुणी उभंच नव्हतं, मग त्या वेळचा विजय म्हणजे प्रेम की बिनविरोध? २००९ ला खरी टक्कर झाली, पहिल्या फेरीत पडलेला सॅम यून दुसऱ्या नंबरच्या फ्लॅहर्टीसोबत गेला (लोकांनी जोडीचं नावही पाडलं, 'फ्लून'), तरी मेनिनोच जिंकले, साधारण ५७ टक्क्यांनी. जिंकले ते जिंकले, पण समोर धड माणूस आला की आकडा कुठे येतो ते दिसलं.

आता अनुभव. थोरल्या डेलीनंतर त्याच्याच पक्षयंत्रणेतला माणूस, बिलँडिक, महापौर झाला. जानेवारी १९७९ ला दीड फुटाच्या वर बर्फ पडला, गल्ल्या तुंबल्या, हा सांगतोय गाड्या शाळांच्या पार्किंगमध्ये लावा, तिकडचा बर्फ काढलाय, आणि लोक जाऊन बघतात तर बर्फ तसाच!! वर ट्रेनचा वेळ वाचवायला मधली स्टेशनं गाळली, त्यातली बरीचशी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली. प्लॅटफॉर्मवर कुडकुडत उभ्या माणसासमोरून गाडी न थांबता निघून जायची. फेब्रुवारीत प्रायमरी होती. बिलँडिक हरला, आणि तेही जिला त्यानेच साधारण सव्वा वर्षापूर्वी नोकरीवरून काढलं होतं त्या जेन बर्नकडून. त्या वस्त्यांनी तिला भरभरून मतं दिली.