‘जुने संगणक भंगारात काढा’ : शाळांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

शिक्षकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला या ना त्या शब्दांत फिरत असतो. त्याचा सारांश असा : विंडोज १० ची मुदत संपली आहे, त्यामुळे पाच-सात वर्षांपेक्षा जुना संगणक शाळेत ठेवणे धोक्याचे आहे, अशी यंत्रे संथ असतात, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ती वीज खातात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मुलांना मागे ठेवतात, तेव्हा ती एकदाची भंगारात काढून नवी घ्यावीत, म्हणजे बंद पडलेले संगणक कक्ष पुन्हा सुरू होतील. यातील काही विधानांत तथ्य आहे आणि ते कुठे आहे हेही पुढे सांगितले आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण तो यंत्राचे वय तेवढे मोजतो. त्या यंत्रावर काय चालते आणि त्याची निगा कोण राखतो, हे पाहत नाही.

मुदतीचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून तो आधी घेतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने थांबवली, हे खरे आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रे त्या अटींत बसत नाहीत, हेही खरे. पण यात संपली ती एका कंपनीच्या एका उत्पादनाची मुदत. यंत्र काल जेवढे काम करत होते तेवढेच आजही करते. शिवाय ज्या शाळांना विंडोज १० वरच राहणे भाग आहे, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय ठेवली असून शिक्षणसंस्थांसाठी तिचा दर एका यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा जाहीर केला आहे. सात डॉलरमध्ये तीन वर्षे मिळत असताना तीस-पस्तीस हजारांची खरेदी घाईने करावी, असे म्हणणाऱ्याने निदान हा दर तरी सांगायला हवा होता.

दुसरा मार्ग लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत संगणक प्रणालीचा आहे आणि माझ्या मते शाळेच्या संगणक कक्षासाठी तोच अधिक टिकाऊ आहे. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रावर शाळेच्या कामापुरती व्यवस्थित चालते आणि तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. यंत्राचे वय आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. गुगलने क्रोम ब्राउझरची विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती, म्हणजे १०९ वी, २०२३ च्या आरंभी दिली आणि पुढे त्या प्रणालीवर नवे क्रोम मिळेनासे झाले. परंतु त्याच यंत्रावर, त्याच प्रोसेसरवर आणि त्याच रॅमवर लिनक्स बसवले, तर आजचा अद्ययावत फायरफॉक्स चालतो. धोका होता तो कालबाह्य सॉफ्टवेअरचा, आणि ते बदलता येते. पेन ड्राइव्हमधून एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरणारा आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस तर शाळांच्या विशेष परिचयाचा आहे. तो विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे लिनक्सवर त्याचे काही चालत नाही.

‘आमच्या शिक्षकांना लिनक्स जमणार नाही’ ही हरकत यावर हमखास येते. केरळने तिचे उत्तर कधीच दिलेले आहे. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली, आणि आज त्या राज्यातील सरकारी व अनुदानित शाळा उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली, शाळांसाठी मुद्दाम घडवलेली प्रणाली वापरतात. पाठ्यपुस्तके त्या प्रणालीला धरून लिहिली जातात आणि दहावीची संगणकाची परीक्षाही तिच्यावरच होते. केरळमधील शिक्षक काही जन्मतः लिनक्स शिकून आलेले नव्हते. त्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि अडचण आली की विचारायला माणूस ठेवला गेला. महाराष्ट्रातील शाळांना एक व्यवहार्य अडचण आहे, ती म्हणजे टंकलेखनाच्या आणि संगणकाच्या काही परीक्षा विंडोजवर होतात. त्यासाठी दोन-चार यंत्रे विंडोजवर ठेवावीत. सगळा कक्ष त्यासाठी बदलण्याची गरज नाही. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे मान्य करायला हवी. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा संगणक, ज्यावर सरल (राज्याची) आणि यूडायस (केंद्राची) या शाळांच्या ऑनलाइन नोंदप्रणालींची माहिती भरली जाते आणि ज्यात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व पालकांचे बँक खाते असते, तो मुदत संपलेल्या प्रणालीवर एक दिवसही चालवू नये. शाळेत एकच नवे यंत्र घेता येत असेल, तर ते कार्यालयात बसवावे. अनेक ठिकाणी नेमके उलट होते : नवे यंत्र उद्घाटनाच्या फोटोसाठी कक्षात जाते आणि कार्यालयात विंडोज ७ सुखाने नांदत राहते.

आता संथपणा. ‘संगणक चालू करून चहा घेऊन यावे, तोवर सुरू होतो’ ही तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा प्रोसेसरवर तिचे खापर फोडणे अन्यायाचे असते. २०११ नंतरच्या इंटेल आय-३ किंवा त्याच्या तोडीच्या प्रोसेसरला शाळेतील लेखन, तक्ते, चित्रे, ब्राउझर आणि प्राथमिक प्रोग्रामिंग यांत काही अवघड नाही. अडते ते हार्ड डिस्कवर. तिच्यातील तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. अशा वाचनांची सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास मजल जाते. विंडोज १० मात्र सुरू होताच अद्यतने तपासणे, व्हायरस शोधणे, फायलींची सूची करणे अशी अनेक कामे एकदम काढते आणि ती सगळी त्या एका टोकासमोर रांगेत उभी राहतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये माहिती चिपवर साठवली जाते, फिरणारे काहीच नसल्याने तेच वाचन मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. जुन्या यंत्रात डिस्क जोडण्याची साटा जोडणी तिचा संपूर्ण वेग वापरू शकत नाही, तरीही फरक डोळ्यांना लगेच दिसतो, कारण वेळ जात होता तो वाट पाहण्यात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी एसएसडी, मग रॅम ४ किंवा शक्य असल्यास ८ जीबी, आणि प्रोसेसरचा विचार त्यानंतरही बहुधा करावा लागत नाही. दोन्ही मिळून येणारा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो.

सुटे भाग मिळत नाहीत, हा दावा तर बाजारात न गेलेल्या माणसाचाच असू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहे. जिल्ह्याच्या गावीही जुन्या यंत्रांना लागणारी, वापरलेली डीडीआर-३ रॅम आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) ठेवणारे दुकान सापडते. शिवाय शाळेतील बऱ्याच ‘बंद’ संगणकांना सुटा भाग लागतही नाही. रॅमच्या पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासून ती पुन्हा बसवणे, पंख्यावरील धूळ काढणे, प्रोसेसरवरील वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलणे, एवढ्यावर कित्येक यंत्रे उठून उभी राहतात. सर्वांत फसवा आजार मदरबोर्डवरील सीआर २०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीचा. ती संपली की संगणकाची वीज मुख्य बटणातून बंद होताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटू लागते आणि पडद्यावर ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येतो. नेट गेले किंवा संगणक बाद झाला असे समजून यंत्र कोपऱ्यात जाते, आणि दुरुस्तीचा खर्च असतो मोजक्या रुपयांचा.

यात सरकारी रिवाजाची एक गाठ आहे. यंत्र जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, असल्यामुळे ते उघडायला कोणी धजत नाही. एखादा भाग इकडचा तिकडे झाला तर तपासणीत उत्तर द्यावे लागेल, ही भीती असते. ती निराधार नाही. म्हणून व्यवस्थापन समितीच्या ठरावाने दोन-तीन यंत्रांचे रीतसर निर्लेखन करून, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करून, त्यांचे भाग बाकीच्यांसाठी राखून ठेवणे हा मार्ग अधिक बरा.

विजेच्या मुद्द्याचा हिशेब करून पाहू. धरा की जुन्या डेस्कटॉपची पेटी ८० वॉट घेते आणि नवी छोटी पेटी २५ वॉट. कक्ष दिवसाला ४ तास आणि वर्षात २२० दिवस चालतो. फरक ५५ वॉट आणि तास ८८०, म्हणजे एका यंत्रामागे वर्षाला सुमारे ४८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी बचत ४८० रुपयांच्या घरात जाते. ३०,००० रुपयांचे यंत्र या बचतीतून फेडायला साठ वर्षे लागतील. जुना काचेचा सीआरटी मॉनिटर मात्र एकटाच ७०-८० वॉट खातो. तो काढून वापरलेला एलईडी मॉनिटर लावल्यास तेवढीच बचत फार थोड्या पैशांत होते. वीज वाचवायची असेल, तर आधी मॉनिटर बदलावा.

इथेच त्या सल्ल्यातील तथ्यही नोंदवतो. पेंटियम ४ ची आणि त्या काळातील इतर ३२ बिटांची यंत्रे खरोखर निरोप देण्याच्या अवस्थेला आली आहेत. जुन्या यंत्रांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या पीसीवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून घेतली आहे. ज्यात ४ जीबी रॅम बसत नाही, ज्याच्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले आहेत, ते यंत्र ओढत राहण्यात शिक्षकाचा वेळ वाया जातो. तसेच एखाद्या कंपनीने दान म्हणून पाठवलेली दहा वेगवेगळ्या बनावटींची दहा यंत्रे शाळेने आनंदाने स्वीकारू नयेत. एकाच मॉडेलची यंत्रे असतील तर एकाचा भाग दुसऱ्याला लागतो आणि एकदा तयार केलेली प्रणाली सगळ्यांवर उतरवता येते. खिचडी गोळा केली की प्रत्येक यंत्राचे दुखणे वेगळे. फेकून देण्याचा खर्च वाचवण्यासाठी केलेले दान नाकारण्याचा शाळेला पूर्ण अधिकार आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मुले मागे पडतील’ या वाक्याने पालक घाबरतात, म्हणून ते वाक्य वापरले जाते. चॅट करणारी मोठी प्रारूपे दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्यांच्यासाठी समोर अद्ययावत ब्राउझर आणि बरे इंटरनेट लागते, महागडा प्रोसेसर लागत नाही. आणि यंत्र माहितीवरून ‘शिकते’ म्हणजे काय करते, हे समजून घ्यायचे तर आयरिस फुलांच्या १५० नोंदींची प्रसिद्ध सारणी पुरते. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी वापरलेली ही माहिती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत क्षणार्धात हाताळली जाते. भूमितीसाठी जिओजेब्रा, तक्त्यांसाठी लिबरऑफिस, लहानांसाठी टक्स पेंट, हे सगळे तिथेच चालते. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय रेखाटन शिकवायचे असेल तर जुने यंत्र कमी पडते. मात्र त्यासाठी एक-दोन सक्षम यंत्रे घ्यावी लागतात, वीस नव्हे.

राहिला शेवटचा दावा : नवी यंत्रे आली की बंद कक्ष सुरू होतील. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेतून राज्यातील हजारो माध्यमिक शाळांत ‘बूट’ तत्त्वावर, म्हणजे कंत्राटदाराने उभारावे, चालवावे आणि मुदतीनंतर शाळेला सुपूर्द करावे या पद्धतीने, संगणक कक्ष उभे राहिले. कंत्राट पाच वर्षांचे होते आणि त्यात यंत्रांबरोबर देखभाल व संगणक शिक्षकही होता. मुदत संपल्यावर यंत्रे शाळेकडे राहिली आणि शिक्षक गेला; त्या शिक्षकांनी पुनर्नियुक्तीसाठी पुढे आंदोलनेही केली. ज्या दिवशी कक्षाला कुलूप लागले, त्या दिवशी आतील यंत्रे जेमतेम पाच वर्षांची होती. आज नवे वीस संगणक तशाच व्यवस्थेत ठेवले, तर पाच वर्षांनी तेही त्याच धुळीत बसतील. यूडायसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक उपलब्ध आहे. उरलेल्या शाळांत तर जुनाही नाही. शाळेकडे असलेल्या निधीतून एसएसडी आणि रॅम घेतल्यावर जे उरते, त्यातून तालुक्यातील आठ-दहा शाळांनी मिळून महिन्यातून ठरलेल्या दिवशी येणारा एक तंत्रज्ञ ठेवावा, आणि वेळापत्रकात संगणकाचा तास घेणाऱ्या शिक्षकाचे नाव लिहावे. नव्या यंत्रांची मागणी त्यानंतर करावी, आणि ती करताना मागील यंत्रे किती तास वापरली गेली याची नोंद अर्जासोबत जोडावी.