तिसरा ‘खट्’

ऑटोमॅटिक गाडी घेतली की सोलापुरात लोक म्हणतात, ‘मजा आहे बे, डावा पाय रिकामा!’ तीच गाडी बिघडली की म्हणतात, ‘साधी घे म्हणून सांगितलं होतं की.’ दोन्ही वेळा बोलणारा माणूस एकच असतो.

माझी जुनी सात सीटर साठच्या आसपास गेली की थरथरायची. गावातल्या रस्त्यांवर ते कळायला मार्गच नव्हता. हायवेला लागल्यावर कळलं. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता ‘गिअरबॉक्सच बदला’ असा निकाल दिला आणि जो आकडा सांगितला, त्यात अशीच थरथरणारी दुसरी गाडी आली असती. म्हणून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर तेवढा घरीच बदलायचं ठरवलं.

शेजारच्या अप्पांना हे समजावणं भाग होतं. अप्पा आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे; त्यांच्या नजरेआड गल्लीत सायकलची चेनही कोणी बसवत नाही. म्हटलं, ‘अप्पा, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो. इथं वाऱ्याऐवजी तेल. एक पंखा इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा.’

अप्पांनी विचार केला. ‘म्हंजे दुसऱ्याचं लाइटबिल वाचतंय.’

फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली हे तत्त्व जहाजांसाठी पेटंट केलं, हेही सांगितलं. ‘तरीच,’ अप्पा म्हणाले, ‘पाण्यातलं यंत्र आपल्याकडं कसं टिकणार?’

दोन पंख्यांच्या मधला स्टेटर तेल वळवून परत धाडतो, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होतो. वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही पंखे एकत्र बांधतो. माझ्या गाडीत तो धड धरतही नव्हता आणि सोडतही नव्हता; त्याचीच ती थरथर. म्हणजे क्लच नाही म्हणून घेतलेल्या गाडीत क्लच होताच. फक्त माझ्या पायाला विचारत नव्हता.

कन्व्हर्टर बाहेर ओढायला मिनिटही लागत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला मात्र ज्यांचा काडीचाही गुन्हा नाही अशांना आधी बाहेर काढावं लागतं: प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर, कूलरच्या नळ्या, क्रॉस मेंबर. भर मे महिन्यात, जुन्या सोलापुरी चादरीवर उताणा पडून मी हे सगळं सोडवत होतो. कन्व्हर्टरचे बोल्ट एका खिडकीतून एकेक करून दिसतात. त्यासाठी भाचा पुढून टॉमी लावून इंजिन फिरवायचा आणि मी खालून ओरडायचो, ‘हळू... अजून... थांब! गेला बे, गेला!’ जेवायला बसलो तर भाकरीला तेलाचा वास आणि बोटं लाल. शेंगा चटणीही लाल, त्यामुळे बोटांवर नेमकं काय आहे ते चाटल्याशिवाय कळत नव्हतं.

गिअरबॉक्स जॅकवर अधांतरी असताना आतून हाक आली, ‘अहो, पाणी आलं!’ भाच्याने टॉमी टाकली आणि मोटर लावायला पळाला. अप्पाही गेले. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो. अशा वेळी माणूस गाडीखाली आहे की गाडी माणसावर, हे कोणी बघत नाही. मी गिअरबॉक्सला हात लावून पडून राहिलो.

खरी परीक्षा नवा कन्व्हर्टर बसवताना. आधी त्यात तेल ओतायचं, मग शाफ्टवर सरकवून फिरवत आत लोटायचं. खट् झालं की टर्बाइनच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या पंख्याच्या, खाचा जुळल्या, दुसऱ्या खट्ला स्टेटरच्या, आणि तिसऱ्याला ऑइल पंपाच्या. हा तिसरा न होताच गिअरबॉक्स वर चढवून बोल्ट आवळले, तर पंपच फुटतो.

‘बसला की, मामा!’ भाचा म्हणाला.

लूमच्या आवाजाने अप्पांचा एक कान केव्हाच गेलाय. त्यांनी बेलहाउसिंगवर, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीच्या कवचावर, तळवा टेकवला, डोळे मिटले. ‘नाही बे. दोनच.’

इथे जोर चालत नाही. जरा उचल, जरा फिरव, परत लोट, अशी मनधरणी चालू होती. दंड भरून आले. आणि अचानक कन्व्हर्टर बोटाच्या पेराएवढा आत गेला. आवाज मला ऐकूच आला नाही. अप्पांनी हात काढून घेतला, त्यावरून कळलं. तरी स्टीलची पट्टी लावून खोली मोजली. अप्पांना त्याचा जरा राग आला.

होटगी रोडला साठ, सत्तर, ऐंशी. गाडी गप्प. शेजारी बसलेले अप्पा माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. ‘तू गिअर कधी टाकणार?’

घरी आल्यावर त्यांना जुना कन्व्हर्टर उघडून बघायचा होता. तो कारखान्यातूनच वेल्ड करून बंद केलेला येतो, कापल्याशिवाय उघडत नाही, असं सांगितल्यावर ते खरोखर दुखावले. ‘एवढं सगळं खोललं, आणि चोराचं तोंड बघायचं नाही?’

शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. वजन करायला त्याने कन्व्हर्टर तिरपा केला आणि आत उरलेलं लालभडक तेल, सकाळीच धुतलेल्या पायऱ्यांवरून, थेट तुळशीपर्यंत गेलं.

बायको दारात आली. पायऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘परत पाणी येईपर्यंत तुम्ही मागच्या दारानं यायचं.’

आमच्या घराला मागचं दार नाही.