पूर-नकाशासाठी निधी मागताय? मग फूट-इंचात मागा

"पाणी किती फुटांवर गेलं?" जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हा प्रश्न आला की कुठलं पाणी, कुठली पट्टी हे कुणी विचारत नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. 39 ला इशारा, 43 ला धोका, शाळेतल्या पोरांनाही पाठ. सांगलीत तेच कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं, 40 आणि 45. पण बंधाऱ्यावर 45 फूट झालं की आपल्या गावातून बाहेर जाणारा कुठला रस्ता आधी बंद होतो, आणि 47 ला कुठली गल्ली, हे बहुतेक गावांत कागदावर नाही. जुन्या माणसांच्या डोक्यात असतं, तेही 2005 च्या रस्त्यांचं. गावाचा पूर-नकाशा म्हणजे एवढंच उत्तर. आणि निधीचे प्रस्ताव बघावेत तर त्यात ड्रोन, ॲप आणि डॅशबोर्ड.

आधी पैशाचं बोलू. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीला केंद्र-राज्य मिळून 1,60,153 कोटी रुपये ठरवले. आपल्यासारख्या राज्यांना केंद्राचा वाटा 75 टक्के. या रकमेतले 20 टक्के सौम्यीकरण निधीचे (आपत्तीची झळ आधीच कमी करायला), 80 टक्के प्रतिसाद निधीचे, आणि त्या 80 मधले 10 पूर्वतयारी व क्षमता बांधणीचे. सौम्यीकरणाचा पैसा स्थानिक, लोकसहभागाच्या कामांसाठी आहे, पूर-तटबंधासारखी मोठी बांधकामं नेहमीच्या विकास योजनांतून करा, असं आयोगाने सरळ लिहिलंय. तरी आपल्याकडचा प्रस्ताव म्हणजे नदीकाठी संरक्षक भिंत आणि शेपटाला 'सर्वेक्षण'. भिंत अडकली की सर्वेक्षणही अडकतं. दोन्ही वेगळे मागा. नकाशाच्या प्रस्तावात त्यातून निघणारी छोटी कामं लिहा: अमुक मोरी उंच करणे, जनावरांसाठी उंचवट्यावर शेड, खांबांवर पातळीच्या खुणा. नुसता नकाशा मागितला की "पुढे काय?" असा शेरा येतो, आणि तो शेरा चुकीचा नाही. आकडे आयोगागणिक बदलतात, त्यामुळे पाठवण्याआधी चालू वर्षाचा शासन निर्णय बघून घ्या.

वाट अशी: ग्रामसभेचा ठराव, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, तिथून राज्य. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 नुसार जिल्हा आराखड्यात धोकाप्रवण भाग दाखवावेच लागतात. ठरावात या कलमाचा उल्लेख करा, म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही हे दिसतं. खर्च लहान असेल तर ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतूनही भागवता येतो, पण काम गाव विकास आराखड्यात आधी घातलेलं हवं.

"पाटबंधारेची निळी-लाल रेषा आहे की!" आहे, आणि लागतेही. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांची. ती बांधकाम परवानगीसाठी. रात्री दोन वाजता जनावरं कधी सोडायची, हे ती सांगत नाही.

आता खरं काम. उपग्रहाच्या फुकट उंची-नकाशात चूक काही मीटरची असते, आणि आपल्याला फरक हवा फुटाचा. मोबाइलच्या जीपीएसची उंची तर वापरूच नका. काही ॲप समुद्रसपाटीची उंची न देता लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली देतात, दोन्हींत आपल्याकडे साठ मीटरहून जास्त तफावत. ड्रोन चांगला, पण उभ्या उसात तो शेंड्यालाच जमीन समजतो. दहा फुटांचा ऊस म्हणजे दहा फुटांची चूक. गळीत हंगाम संपून फड मोकळे झाले की पावसाआधी मोजायचं. घोळ असा की निधी येतो मार्चअखेरीला आणि तो 31 तारखेआधी खर्ची टाकायची घाई असते. म्हणून प्रस्ताव दिवाळीआधीच गेलेला बरा.

ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), तिपाई, चार मीटरची स्टाफ म्हणजे उभी मोजपट्टी, आणि तीन माणसं. पाचशे घरांच्या गावाला आठवडा पुरतो. जवळच्या तंत्रनिकेतनात यंत्रही असतं आणि मुलंही. गावात न हलणारा एक बिंदू धरा, देवळाची पायरी किंवा शाळेचा जोता. तिथून निघा आणि तिथेच परत या. किलोमीटरभराच्या फेरीत अडीच सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. पहिली मोजणी घरांची नाही, रस्त्यांची. प्रत्येक बाहेरच्या रस्त्यावरची सगळ्यात खोल मोरी किंवा फरशी-पूल शोधा. घरात पाणी येण्याआधी रस्ता जातो, आणि गाव सोडायची वेळ रस्ता ठरवतो.

मग 2005, 2019, 2021 च्या पुरांच्या खुणा. गल्लीत किमान तीन, प्रत्येकीला दोन वेगळ्या घरांची साक्ष. मातीच्या भिंतीवरची ओल धरू नका, ती पाण्याच्या वर फूटभर चढते. गाळाची रेघ धरा, तीही घरातली. बाहेर लाटा असतात. "गुडघाभर होतं" हे ऐकलं की विचारा, रस्त्याचं काँक्रीट कधी झालं? रस्ता फूटभर वर आला असेल तर तो गुडघा आता घोटा आहे.

या खुणा पट्टीच्या फुटांशी जोडायच्या. नदीच्या पाण्याला उतार असतो आणि प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळा, त्यामुळे नुसती वजाबाकी चालत नाही. गावात पट्टी रंगवून दर पुरात तासातासाला वाचा आणि त्याच वेळचा राजारामचा आकडा शेजारी लिहा. शिरोळ तालुक्यात एवढ्यावर भागत नाही. कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेचा तोच आकडा नृसिंहवाडीच्या आसपास वेगळं पाणी दाखवतो, म्हणून तिथे दोन पट्ट्यांचा तक्ता हवा. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरचा वाद चालू द्या, तक्ता त्यासाठी थांबत नाही.) ओढ्याचं तोंडही विसरू नका, काठच्या कित्येक गावांत पाणी नदीच्या बाजूने यायच्या आधी ओढ्यातून उलटं, मागच्या दाराने येतं.

अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका, डायलिसिसचे पेशंट यांची यादी आशाताईंकडे आणि ग्रामपंचायतीत ठेवा. नकाशावर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.

आणि अंदाजपत्रकात दर दोन वर्षांनी खुणा रंगवायचा खर्च आठवणीने घाला. ऑइलपेंट ऊन-पावसात उडतो, आणि कुणीतरी त्यावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवतंच.