हक्काचा चिखल

इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये नव्याने आलेल्या माणसाला लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. "हवा कशी वाटते?" या पहिल्याचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. दुसरा असतो, "पीक्सना जाऊन आलास का?" त्यावर "अजून नाही" म्हणालात, की समोरच्याचा चेहरा त्याच्या आजीला भेटायला आपण नकार दिल्यासारखा होतो. शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कातच मोडतो. त्यामुळे बसड्रायव्हरपासून प्राध्यापकापर्यंत सगळेच त्या डोंगरांबद्दल घरचं कार्य असल्यासारख्या आग्रहाने बोलतात.

शेवटी आग्रहाला शरण जाऊन ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. मी कोथरूडचा, रूममेट सांगलीचा आणि तिसरी एक नागपूरकर, जिच्या मते सेमिनरी हिल्स ही पर्वतरांग आहे. नियोजन सांगलीकडे होतं. त्याने किंडर स्काउट हा इथला सर्वांत उंच डोंगर शोधून काढला, उंची वाचली आणि पोट धरून हसला.

"636 मीटर! अरे, तुझं पुणंच 560 मीटरवर आहे. कळसूबाई 1646. दुपारी परत येऊन असाइनमेंट करू."

हा हिशेब बिनतोड होता. त्यात चिखल धरला नव्हता, एवढंच.

16 ते 25 वयाच्या रेलकार्डावर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळाली आणि आम्ही खुशीत गाडीत बसलो. शहर संपता संपता टॉटलीचा बोगदा लागतो. साडेपाच किलोमीटरहून लांब. खंडाळ्याच्या घाटात वाढलेल्या संस्कारांनुसार सांगलीने अंधार होताच "ओऽऽऽ" अशी आरोळी ठोकली. खंडाळ्याला अख्खा डबा साथ देतो. इथे कोणीही वर पाहिलं नाही. ज्यांच्याकडे पुस्तक होतं ते पुस्तकात आणखी खोल गेले, आणि बोगदा संपेपर्यंतची ती शांतता मी जन्मात विसरणार नाही.

एडलला उतरलो. इथून पेनाइन वे सुरू होतो. ही पायवाट 400 किलोमीटरहून जास्त चालत थेट स्कॉटलंडात शिरते. फलाटावरच्या लोकांकडे पाहिलं तर ते सगळे आजच तिकडे निघाले असावेत: गुडघ्यापर्यंत पट्टे, दोन हातांत दोन काठ्या, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात नकाशा. आमच्या अंगावर जीन्स आणि पायात कॉलेजचे बूट. एका कुत्र्याचा रेनकोट माझ्यापेक्षा चांगला होता.

पहिला अडथळा शेतातल्या दगडी गडग्यांचा. त्यांत माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही, इतकीच फट ठेवलेली असते. पाठीवर सॅक असलेला सांगली या व्यवस्थेत मेंढी ठरला. पलीकडून खरोखरीच्या मेंढ्या शांतपणे रवंथ करत त्याच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात पाऊस आला. समोरून येणारं एक वयस्क जोडपं थांबलं, निथळत्या टोप्यांखालून हसलं आणि म्हणालं, "लव्हली डे!"

जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्या चढून वर आलो. आपल्याकडे गडावर पोचलं, की पोचल्यासारखं वाटतं. सिंहगडावर पिठलं-भाकरी आहे, मटक्यातलं दही आहे, "दादा, या इकडे" अशी प्रेमळ ओढाओढ आहे. किंडरला मुळात टोकच नाही. वर नुसतं मैलोन्‌मैल सपाट, काळं, ओलं माळरान. सर्वांत उंच जागा नेमकी कुठली हे कळायलाही नकाशा लागतो. आणि कांदाभजी? नावच काढू नका.

हा काळा प्रकार म्हणजे पीट. हजारो वर्षांत साचत गेलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर. दिसायला जमीन, वागायला शिरा. माझा उजवा पाय त्यात गुडघ्यापर्यंत गेला. नागपूरकरणीने वाकून बारकाईने पाहणी केली. "आमच्याकडे यात कापूस होतो," ती म्हणाली आणि फोटो काढला. मदत तिला सुचली नाही.

मगाचंच जोडपं तेवढ्यात मागून आलं. वर चहा प्यायचा राहिला म्हणून परतलं होतं. आजोबांनी काठी पुढे केली आणि मला ओढता ओढता इतिहास सांगायला घेतला. पूर्वी हा माळ खासगी होता, बड्या लोकांच्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे कामगार तरुण मुद्दाम इथे घुसले, रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं. त्या पोरांमुळेच आज कोणीही इथे मोकळेपणाने चालू शकतं, आजोबा अभिमानाने म्हणाले. मी आदराने मान डोलावली. त्या क्षणी मात्र माझी सगळी सहानुभूती रखवालदारांकडे होती. बूट अजून आतच होता.

तो निघाल्यावर किंडर डाउनफॉलला गेलो. तीसेक मीटरचा धबधबा, पण पश्चिमेचा वारा सुटला की पाणी खाली पडायचं सोडून उलटं वर उडतं. "हॅट, हे तर आपल्या नाणेघाटात दर पावसाळ्यात फुकट," सांगली म्हणाला आणि त्याच ठिकाणी घरून आलेल्या भडंगाची पिशवी फोडली. भडंग वाऱ्यात उघडायचा पदार्थ नव्हे. कुरमुरे, शेंगदाणे, लसूण, सगळं एका झटक्यात शेफिल्डच्या दिशेने रवाना झालं. उरलेल्या मसाल्यावर आम्ही जेवलो. तो बहुतेक डोळ्यांत होता.

परतीच्या गाडीत ते जोडपं नेमकं समोर. त्यांचे बूट स्वच्छ कसे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आजींनी आम्हाला बिस्किटं दिली, माझ्या पँटकडे पाहून "हवा जरा ओलसर होती" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी ते ब्लीकलोला जाणार असल्याचं सांगितलं. याच्या उत्तरेचा डोंगर. तिथे कमी गर्दी असते आणि पीट, आजोबा डोळे चमकवत म्हणाले, "याहून बरंच छान."

मी आणि नागपूर खिडकीबाहेर बघायला लागलो. सांगलीने मोबाइल काढला.

"633 मीटर," तो म्हणाला. "तीन मीटर कमीच आहे की! येतो आम्ही. तिघंही."